एकोणपन्नास मिनिटांचा फरक

मैत्रिणींनो, मागे एकदा आमच्या भिशीत दोघींची चांगलीच जुंपली. निमित्त काय, तर ‘शोले’! एक म्हणाली, “शेवटी ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करतो.” दुसरी म्हणाली, “काहीतरीच काय! खिळ्यांच्या बुटांनी तुडवून तुडवून त्याला मारतो. मी या डोळ्यांनी पाहिलंय.” साबुदाण्याचे वडे गार झाले, चहावर साय धरली, पण माघार कोणी घेईना. शेवटी किलोभर आंबाबर्फीची पैज लागली आणि निवाडा करायला मला बसवलं.

गंमत अशी, की दोघींचंही बरोबर होतं. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला पटलं नाही. म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, असं आपण थिएटरात पाहिलं. रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंगही गेला. आपल्या सचिन पिळगांवकरांनी केलेला अहमद आठवतो ना? त्याला गब्बर कसा छळतो तेही काढून टाकलं. थिएटरात फक्त गब्बरच्या हातावरची मुंगी चिरडलेली दिसली आणि पाठोपाठ घोड्यावरून पोराचं प्रेत गावात आलं. पुढे घरोघरी व्हिडिओ आले, कॅसेटी आल्या, आणि त्यातल्या काहींत मूळचा शेवट होता. एकीनं पाहिला होता थिएटरातला, दुसरीनं कॅसेटवरचा. इतक्या वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, तो मूळ शेवटाचा ‘शोले’ रीतसर थिएटरातही लागला. निवाडा असा झाला, की बर्फी दोघींनी मिळून आणावी. आणली, आणि ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली!

तेव्हापासून बऱ्याच जणींनी मला विचारलं, की एकाच सिनेमाचे असे दोन-दोन अवतार का निघतात? म्हटलं, एकदा लिहावंच.

आपण शिंप्याकडे कापड टाकतो, तसंच आहे हे. चित्रण करताना दिग्दर्शक भरपूर कापड घेतो. मग कात्री लागते. कधी ती सेन्सॉरची असते, कधी स्वतः दिग्दर्शकाचीच असते, आणि बरेचदा हिशेबाची असते. अडीच तासांचा सिनेमा असला की दिवसाचे खेळ जमतात. साडेतीन तासांचा झाला की एखादा खेळ कमी होतो आणि गल्ला घटतो. शिवाय प्रेक्षकांना शेवटची बस गाठायची असते, बाळाला दूध द्यायचं असतं. घरी मात्र असला काही धाक नाही. मध्येच थांबवून कुकर लावून यावं आणि पुन्हा बसावं. म्हणून थिएटरात जे उरलं, ते घरच्या आवृत्तीत परत शिवतात आणि तोच सिनेमा दुसऱ्यांदा विकतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग २००१ मध्ये थिएटरात १७८ मिनिटांचा होता. पुढच्याच वर्षी डीव्हीडीवर आला तो २०८ मिनिटांचा. चांगला अर्धा तास वाढला!

हे वाढवलेलं कापड कधी कधी खरंच शोभून दिसतं. त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागात फारामिर नावाचा एक तरुण सेनापती आहे. थिएटरात तो नुसता कठोर वाटतो. घरच्या आवृत्तीत एक जुनी आठवण येते. वडील थोरल्या मुलाला मिठी मारतात आणि धाकट्याला चारचौघांत तोडून बोलतात. एवढं पाहिलं, की फारामिरचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो. दोन मुलांची आई असलेल्या कोणालाही तो प्रसंग पाहताना आपण कधी असं वागलो का, हे आठवल्याशिवाय राहणार नाही.

पण लांब म्हणजे चांगलंच, असं मुळीच समजू नका. तेव्हा दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकते. सिनेमा लावण्याआधी डबीवर किंवा पडद्यावर मिनिटं किती लिहिली आहेत ते पाहावं. ‘एक्स्टेंडेड’, ‘अनकट’, ‘डायरेक्टर्स कट’ असे शब्द दिसले, की आपण थिएटरात पाहिला तो हा नव्हे हे ओळखावं. मात्र ‘डायरेक्टर्स कट’ दरवेळी मोठाच असतो असं नाही. ‘एलियन’ची २००३ ची आवृत्ती १९७९ च्या मूळ सिनेमापेक्षा उलट मिनिटभर छोटी आहे! मुलं बरोबर असतील तर आपण आधी पाहून घ्यावं, कारण सेन्सॉरनं काढलेलं घरी परत आलेलं असतं. आणि शक्य असेल तर आधी छोटी आवृत्ती पाहावी, मग मोठी. का, ते आता सांगते. खरं म्हणजे हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

‘सिनेमा पॅराडिसो’ हा इटालियन सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला १९९७ मध्ये. गावातल्या फिल्म सोसायटीचे हे सभासद होते. हे नेत ते सिनेमे मला निम्मे कळत नसत, पण हा कळला. दिग्दर्शक जुझेप्पे तोर्नातोरे हे मूळचे सिसिली बेटावरचे, आणि गोष्टही तिथल्याच एका खेड्यातली. तोतो नावाचा एक चुणचुणीत पोरगा. बाप लढाईत गेलेला. आई रागावते तरी हा उठून-सुटून गावातल्या थिएटरात जातो आणि मशीन चालवणाऱ्या आल्फ्रेडोच्या मागे मागे फिरतो. गावचे पाद्रीबाबा सिनेमा आधी एकटे पाहतात आणि चुंबनाचा प्रसंग आला की घंटी वाजवतात. की आल्फ्रेडोनं तेवढा तुकडा कापायचा! पुढे थिएटरला आग लागते, आल्फ्रेडोचे डोळे जातात, आणि एवढासा तोतो मशीन चालवू लागतो.

तोतो मोठा होतो. एलेना नावाच्या श्रीमंताघरच्या मुलीवर त्याचा जीव जडतो. तिच्या घरच्यांना ते पसंत नसतं. शेवटी ती कुठे गेली, काय झालं, त्याला काहीच कळत नाही. मग आल्फ्रेडो त्याला सांगतो, या गावातून जा, परत येऊ नकोस, मागे वळून पाहू नकोस. तोतो रोमला जातो, मोठा दिग्दर्शक होतो, आणि तब्बल तीस वर्षांनी येतो तो आल्फ्रेडोच्या अंत्ययात्रेला. त्याची म्हातारी आई विणत बसलेली असते. घंटी वाजते, ती उठून धावते, आणि विणकामाचा धागा तिच्याबरोबर ओढत जातो, सगळं विणलेलं उसवत जातं. त्या दृश्याला थिएटरातली प्रत्येक बाई रडत होती, मीही रडले. शेवटी आल्फ्रेडोनं तोतोसाठी ठेवलेली एक रीळ निघते. पाद्रीबाबांनी कापायला लावलेली सगळी चुंबनं आल्फ्रेडोनं एकापुढे एक जोडून ठेवलेली असतात. एन्यो मोरिकोनेंचं संगीत, आणि अंधारात बसून रडणारा तो पन्नाशीचा गृहस्थ! घरी येताना मी ह्यांना म्हटलं, “माणूस असावा तर आल्फ्रेडोसारखा. पोराचं भलं कशात आहे ते त्याला कळलं.”

हे वाक्य मी बोलले तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट होती. तिच्याकडे मी येणारच आहे.

मी पाहिला तो सिनेमा १२४ मिनिटांचा होता. १९८८ मध्ये इटलीत तो पहिल्यांदा लागला तेव्हा १५५ मिनिटांचा होता आणि तिथे काही चालला नाही. मग अर्धा तास कापला आणि बाहेर पाठवला. त्या छोट्या आवृत्तीनं १९८९ मध्ये कान महोत्सवात ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळवलं आणि १९९० मध्ये परभाषेतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. २००२ मध्ये तोर्नातोरेंनी १७३ मिनिटांची आवृत्ती काढली आणि मग ती डिस्कवर घरोघरी पोचली. छोट्या आणि मोठ्या आवृत्तीत एकोणपन्नास मिनिटांचा फरक! कापलेल्या तुकड्यांवर रडवणाऱ्या सिनेमाचेच इतके तुकडे कापलेले होते.

गेल्या गणपतीत धाकटा आणि सूनबाई आली होती. सिनेमाचं मला वेड, म्हणून त्यानं ‘सिनेमा पॅराडिसो’ची डिस्क आणली. तिच्यात दोन्ही आवृत्त्या होत्या. गौरी विसर्जन झाल्यावर रात्री आम्ही तिघं मोठी आवृत्ती लावून बसलो. हे आता नाहीत.

सुरुवातीचं सगळं ओळखीचं होतं. मग अंत्ययात्रेनंतर, जिथे माझ्या आठवणीतला सिनेमा संपायला आला होता, तिथे हा थांबेचना. तोतोला गावात एक मुलगी दिसते, हुबेहूब एलेना. ती एलेनाची मुलगी असते. त्या माग्यावरून तो एलेनापर्यंत पोचतो. आता तिचे केस पिकू लागले आहेत, नवरा आहे, आणि तो तोतोचाच शाळेतला सोबती. ब्रिजित फोसे या फ्रेंच नटीनं ही एलेना केली आहे, आणि छोट्या आवृत्तीतून ती मुळापासून काढून टाकलेली आहे. एकही दृश्य ठेवलेलं नाही.

रात्री गाडीत बसून दोघं बोलतात, आणि तिथे कळतं. एलेना त्या दिवशी आली होती! तोतो तिला शोधायला बाहेर गेला होता आणि ती थिएटरात येऊन गेली. मशीनपाशी आंधळा आल्फ्रेडो एकटा होता. त्यानं तिची समजूत घातली, की तोतोचा नाद सोड, त्यातच त्याचं भलं आहे. तरी जाताना तिनं एका बिलाच्या पाठीवर निरोप लिहून ठेवला. आल्फ्रेडो तोतोजवळ चकार शब्द बोलला नाही. तीस वर्षं तोतो समजत राहिला, की तिनं त्याला सोडलं. मोडकळीला आलेल्या थिएटरात जाऊन तो जुन्या कागदांच्या ढिगाऱ्यात हात घालतो, आणि ती चिठ्ठी तिथे असते.

मैत्रिणींनो, माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली.

कारण ती थिएटरातली खोली मला ठाऊक होती. फक्त आमच्याकडे ती स्वैपाकघराबाहेरची अंधारी बोळ होती आणि तिथे स्टुलावर काळा टेलिफोन होता. १९९५ सालची गोष्ट. धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि परीक्षेआधी अभ्यासाला घरी आला होता. पलीकडच्या कॉलनीतली एक मुलगी, तिच्याशी त्याचं बोलणं-चालणं होतं. आम्हाला कळत होतं, आम्ही न कळल्यासारखं करत होतो. एके दुपारी तिचा फोन आला. तो मित्राकडे गेला होता. ती म्हणाली, “काकू, बाबांची बदली झालीय. गुरुवारी सकाळी आठच्या गाडीनं आम्ही निघतो. त्याला स्टँडवर यायला सांगाल का?” पुढे तिनं नव्या गावातल्या शेजाऱ्यांचा फोन नंबरही सांगितला.

मी म्हटलं, “सांगते हं, बाळ.” आणि फोन ठेवला.

नाही सांगितलं. शुक्रवारी त्याचा पेपर होता. सुरुवातीला मनाशी म्हटलं, पेपर होऊ देत, मग सांगू. मग पेपर झाले आणि म्हटलं, आता सांगून काय उपयोग? तो महिनाभर गप्प गप्प होता, जेवण टाकत होता. मी म्हटलं, अभ्यासाचा शीण असेल. त्याला पहिला वर्ग मिळाला, नोकरी लागली, लग्न झालं, सोन्यासारखी सून आली. आणि दरवेळी मी स्वतःला सांगत आले, बघ, चांगलंच झालं की नाही? १९९७ मध्ये तो सिनेमा पाहून मला इतकं बरं का वाटलं असेल, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. आल्फ्रेडोनं मला पाठीशी घातलं होतं.

आणि आता तोच आल्फ्रेडो माझ्या समोर वेगळा उभा होता. तो दुष्ट नव्हता, त्याचा जीव होता पोरावर. एलेनाही तोतोला म्हणते, की आपलं लग्न झालं असतं तर तू हे सिनेमे काढले नसतेस. म्हणजे आल्फ्रेडोचा हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण तो हिशेब करताना त्यानं एका मुलीचं येणं पुसून टाकलं. तिनं यायचं होतं तेव्हा ती आली होती, आणि जगाच्या लेखी ती न आलेली राहिली. छोट्या आवृत्तीत ती गोष्ट कापली, म्हणून आल्फ्रेडो इतका थोर दिसतो.

सिनेमा संपला. सूनबाई दिवा लावायला उठली. मी म्हटलं, “थांब, अंधारच राहू दे जरा.” आणि सांगून टाकलं. फोन, गुरुवार, आठची गाडी, सगळं.

धाकटा कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, “तिनं नंबर दिला होता?”

“दिला होता. मी लिहून घेतला नाही.”

“हं,” म्हणाला, आणि उठून गॅलरीत गेला.

मला वाटलं, सूनबाई रागावेल. पण ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आई, मला त्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं तिच्याबद्दल. फक्त ती न सांगता निघून गेली, असं म्हणाले होते. मीसुद्धा इतकी वर्षं तिला नावं ठेवत होते.”

हे ऐकलं आणि मला खरी चूक कळली. त्याचं लग्न तिच्याशी झालं असतं की नाही, ते सुखाचं झालं असतं की नाही, हे कोण सांगणार? एकविसाव्या वर्षी माणसं भेटतात, पांगतात. पण ती मुलगी कोणाच्या तरी मनात तीस वर्षं दगा देणारी म्हणून राहिली, आणि ते केवळ माझ्यामुळे. तिनं तर बिचारीनं निरोप दिला होता, नंबर दिला होता, मला काकू म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा स्वैपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. पाट ओढून बसला. म्हणाला, “आई, बरं केलंस सांगितलंस. आता तिचा राग नाही राहिला.” माझा राग राहिला आहे का, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पहिली पोळी तव्यावरून काढून त्याला वाढली. त्यानं ती खाल्ली. एवढंच.

हा लेख त्याला आणि सूनबाईला वाचून दाखवूनच पाठवते आहे. तो म्हणाला, “नंबर लिहून घेतला नाहीस हेही राहू दे, कापू नकोस.”

आता तुम्ही विचाराल, की ‘सिनेमा पॅराडिसो’ची कोणती आवृत्ती पाहावी? सिनेमा म्हणून छोटीच जास्त बांधीव आहे, असं पुष्कळ जाणकार म्हणतात, आणि मलाही ते पटतं. मोठीत शेवटाकडे ती जरा रेंगाळते, गाडीतलं बोलणं लांबतं. पाहुण्यांना दाखवायची तर छोटीच दाखवा. पण एखाद्या रात्री सगळी कामं आवरल्यावर, घरातली माणसं जवळ असताना, मोठीही एकदा पाहा.

आपल्या प्रत्येकीच्या घरातही अशा दोन आवृत्त्या असतात ना? चारचौघांत सांगायची एक, आटोपशीर, गोड, जिच्यात आपण फार शहाण्या असतो. आणि घरातली एक. तिच्यातून कोणाचं तरी बोलणं आपण काढून ठेवलेलं असतं. ते कागद अजून तुमच्या हाताशी असतील आणि तो माणूस समोर बसलेला असेल, तर पोळी गार होईपर्यंतसुद्धा थांबू नका. मी तीस वर्षं थांबले.